मोठ्या आतड्याची दुर्बीण-तपासणी : पोट स्वच्छ करण्याच्या पर्यायांचा तौलनिक विचार

वार्षिक अहवाल म्हटला की जमाखर्च, ताळेबंद आणि रुग्णसंख्येचे तक्ते ओघाने आलेच. त्यांच्या जोडीस रुग्णसेवेतील एखाद्या साध्या वाटणाऱ्या प्रश्नाचा थोडा खोलात जाऊन विचार मांडावा, या हेतूने प्रस्तुत लेख देत आहोत. विषय काहीसा संकोचाचा आहे. शौचाविषयी चारचौघांत बोलणे आपल्याकडे अप्रशस्त मानले जाते, आणि नेमक्या याच संकोचामुळे अनेक रुग्ण आमच्यापर्यंत उशिरा पोहोचतात. शौचावाटे रक्त पडू लागले की ती मूळव्याधच असणार असे गृहीत धरायचे, रस्त्याकडेच्या पाटीवरील पत्ता गाठून महिनोन्महिने पुड्या घ्यायच्या, आणि अशक्तपणाने अंथरूण धरल्यावर मगच रुग्णालयाची वाट धरायची, हा क्रम धुळे, जळगाव व नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतील डॉक्टरांच्या परिचयाचा आहे.

अशा रुग्णाला कोलोनोस्कोपी, म्हणजे मोठ्या आतड्याची दुर्बीण-तपासणी, सांगितली जाते. १९६९ साली न्यूयॉर्कमध्ये विल्यम वुल्फ आणि हिरोमी शिन्या या शल्यविशारदांनी लवचीक दुर्बिणीतून तारेचा फास सोडून आतड्यातील मोड, म्हणजे पॉलिप, पोट न उघडता काढून दाखवला, तेव्हापासून ही तपासणी निदानाबरोबरच उपचाराचेही साधन झाली. मोठ्या आतड्याचा कर्करोग बहुधा अशा लहानशा मोडापासूनच सुरू होतो आणि त्याचे कर्करोगात रूपांतर होण्यास सर्वसाधारणपणे दहा वर्षांच्या आसपास काळ जातो. हा काळ आपल्या हाती असतो. मात्र दुर्बिणीला मोड दिसला, तरच तो काढता येतो, आणि आतड्यात मळ शिल्लक असेल तर कितीही महागडी दुर्बीण घेतली तरी ती आंधळीच. उपकरणासाठी देणगी देण्यास दाते आनंदाने पुढे येतात. आदल्या रात्री प्यावयाच्या औषधाकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. आमच्या मते तपासणीचे निम्मे यश त्या औषधात आहे.

आपल्याकडील परिस्थितीचा एक विशेष येथे नमूद करावासा वाटतो. भारतात मोठ्या आतड्याच्या कर्करोगासाठी सर्वांची सरसकट चाचणी करण्याची राष्ट्रीय योजना नाही. असंसर्गजन्य रोगांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात तोंड, स्तन व गर्भाशयमुख यांच्या कर्करोगांवर भर आहे. म्हणून आपल्याकडे ही तपासणी होते ती लक्षणे दिसल्यावर : रक्तस्राव, कारण न सापडणारा रक्तक्षय, शौचाच्या सवयीत झालेला बदल, घटणारे वजन. शिवाय आतड्याचा क्षयरोग आपल्याकडे आजही आढळतो, आणि तो बहुधा लहान आतडे जेथे मोठ्या आतड्यास मिळते त्या टोकाला घर करतो. ते टोक दुर्बिणीच्या प्रवासातील सर्वांत शेवटचे ठिकाण, आणि स्वच्छ करण्यास सर्वांत अवघड.

पूर्वीच्या पद्धती

फार पूर्वी, म्हणजे १९७० च्या दशकात, रुग्णाला दोन-तीन दिवस केवळ पातळ पदार्थांवर ठेवीत, एरंडेल किंवा सोनामुखीचा काढा देत आणि वरून एनिमा देत. काही ठिकाणी नाकातून नळी घालून अनेक लिटर मिठाचे पाणी पोटात सोडीत. एरंडेल आपल्या घराघरांत आजीच्या फडताळात असे, त्यामुळे आजही कित्येक वृद्ध रुग्ण विचारतात, ‘एरंडेल घेतले तर चालणार नाही का?’ एरंडेलाने जुलाब होतात, पोटात मुरडाही भरपूर येतो, परंतु आतड्याची भिंत न्याहाळता येईल इतकी स्वच्छता त्याने मिळत नाही. केवळ एनिमाचेही तसेच : त्याचा प्रभाव डाव्या बाजूच्या शेवटच्या भागापुरता राहतो.

इसबगोलाविषयी तर उलटाच गैरसमज आहे. ‘पोट साफ राहावे म्हणून रोज इसबगोल घेतो’, असे अभिमानाने सांगणारे रुग्ण पुष्कळ. इसबगोल हा चोथाच होय. तो फुगून आतड्याला चिकटून राहतो. तपासणीपूर्वी काही दिवस तो बंद करावा लागतो. रक्तवाढीच्या लोहाच्या गोळ्याही पाच ते सात दिवस आधी थांबवाव्या लागतात, कारण त्यांनी मळ काळा व चिकट होतो. रक्तक्षयामुळे ज्यांची तपासणी ठरते, नेमके तेच रुग्ण या गोळ्या घेत असतात, हे विशेष लक्षात ठेवावे.

आजचे पर्याय

पहिला पर्याय मॅनिटॉलचा. शिरेतून देण्यासाठी बनवलेले हे शर्करासदृश द्रावण पाण्यात मिसळून पिण्यास देण्याची प्रथा आपल्या देशात बराच काळ होती व काही ठिकाणी अद्याप आहे. ते स्वस्त आहे, चवीला गोड आहे, थोड्या प्रमाणात पुरते. पण मॅनिटॉल शरीरातील पाणी आतड्यात ओढून घेते. वृद्ध रुग्ण त्याने गळून जातो. दुसरा दोष याहून गंभीर आहे. आतड्यातील जिवाणू मॅनिटॉल आंबवतात व त्यातून हायड्रोजन आणि मिथेन हे ज्वालाग्राही वायू तयार होतात. मोड काढताना विजेचा चटका द्यावा लागतो. १९७९ साली फ्रान्समधील डॉक्टरांनी अशा प्रसंगी आतड्यात स्फोट होऊन रुग्ण दगावल्याची नोंद प्रसिद्ध केली, आणि त्या रुग्णाची तयारी मॅनिटॉलने केलेली होती. तपासणीस निघताना मोड सापडेल की नाही हे कोणालाच ठाऊक नसते. म्हणून ‘नुसते बघायचेच तर आहे, मॅनिटॉल चालेल’ हा युक्तिवाद आम्हांस पटत नाही.

दुसरा पर्याय सोडियम फॉस्फेटच्या द्रावणाचा. दोन छोट्या बाटल्यांत काम भागत असल्याने एकेकाळी तो रुग्णांचा अत्यंत लाडका होता. पुढे असे लक्षात आले की फॉस्फेट रक्तात शोषले जाऊन कॅल्शियमसह मूत्रपिंडाच्या सूक्ष्म नलिकांत स्फटिकरूपाने साठते आणि काही रुग्णांची मूत्रपिंडे कायमची निकामी होतात. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००६ मध्ये याबाबत सूचना दिली आणि डिसेंबर २००८ मध्ये सर्वांत कडक स्वरूपाचा इशारा छापण्यास भाग पाडले. वयोवृद्ध, मूत्रपिंडाचे वा हृदयाचे विकार असलेले, रक्तदाबाच्या काही गोळ्या अथवा वेदनाशामके नियमित घेणारे यांना धोका अधिक. आता आपल्या भागाचा विचार करावा. एप्रिल-मे महिन्यांत जळगाव-भुसावळ पट्ट्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो. शेतात राबणाऱ्या माणसाच्या अंगातील पाणी मुळातच आटलेले असते. कंबरदुखीसाठी तो दुकानातून वेदनाशामक गोळ्या आणून खात असतो. अशा माणसाच्या हाती फॉस्फेटची बाटली देणे म्हणजे त्याच्या मूत्रपिंडांची परीक्षा पाहणे होय. आम्ही हा पर्याय वर्ज्य मानतो.

तिसरा पर्याय सोडियम पिकोसल्फेट व मॅग्नेशियम सायट्रेट यांच्या पुडीचा. पुडी सुमारे पेलाभर पाण्यात विरघळवायची, ती प्यायची आणि मागून दीड-दोन लिटर इतर स्वच्छ पातळ पदार्थ घ्यायचे. पाण्यात टाकताच मिश्रण गरम होते; त्याने नातेवाईक घाबरतात, पण ते स्वाभाविक आहे. चव बरी, प्रमाण कमी, स्वच्छता समाधानकारक. मात्र मूत्रपिंडे अशक्त असल्यास मॅग्नेशियम रक्तात साठते. शिवाय रुग्णाने पुडीनंतर केवळ साधे पाणीच ढोसले तर रक्तातील सोडियम घसरून गुंगी, क्वचित झटकेही येऊ शकतात. वृद्ध स्त्रिया व लघवी वाढवणाऱ्या गोळ्या घेणारे यांच्या बाबतीत ही भीती खरी आहे.

फॉस्फेट आणि पिकोसल्फेट या दोहोंचा आणखी एक अवगुण सामान्य वाचकाला सहसा सांगितला जात नाही, परंतु आपल्याकडे त्याचे महत्त्व मोठे आहे. ही औषधे काही वेळा आतड्याच्या अस्तरावर स्वतःच बारीक व्रण उठवतात. जेथे क्षयाचा व्रण आणि क्रोन्स रोगाचा व्रण यांतला भेद करणे ही नित्याची डोकेदुखी आहे, तेथे औषधाने उठवलेला तिसरा व्रण म्हणजे आगीत तेल. एका चुकीच्या निदानाने कित्येक महिन्यांचे क्षयाचे औषध विनाकारण सुरू होऊ शकते, किंवा खरा क्षय दुर्लक्षित राहू शकतो.

चौथा पर्याय पॉलिथिलीन ग्लायकॉल, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेले ‘पेग’. १९८० साली अमेरिकेतील डॅलस येथे जॉन फोर्डट्रॅन व त्यांच्या सहकाऱ्यांनी क्षारांचे प्रमाण बेताने जुळवून हे द्रावण सिद्ध केले. पेगचा रेणू आतड्यातून शोषला जात नाही. तो पाणी स्वतःशी धरून ठेवतो आणि तसाच खाली उतरतो. सोबतचे क्षार अशा प्रमाणात असतात की शरीरातून आतड्यात पाणी खेचले जात नाही की आतड्यातून शरीरात फारसे मुरतही नाही. नळ सोडून नाली धुवावी तसे हे काम होते. म्हणूनच हृदय, मूत्रपिंड वा यकृत अशक्त असलेल्यांना सर्व पर्यायांत हाच अधिक सुरक्षित. त्याचा दोष एवढाच की ते पुष्कळ प्यावे लागते व चव खारट, बुळबुळीत असते. मूळ पद्धतीत चार लिटर प्यावे लागे. अलीकडील मार्गदर्शक तत्त्वांनुसार ज्यांना बद्धकोष्ठता, दीर्घकाळचा मधुमेह अथवा पूर्वी पोटाची मोठी शस्त्रक्रिया असे काही नाही, त्यांना दोन लिटर पुरते. आपल्याकडे मिळणारी मोठी पुडी दोन लिटर पाण्यातच कालवायची असते. जोडीस बिसाकोडिलची गोळी आणि फेस मोडण्यासाठी सिमेथिकोन दिल्यास काम अधिक चांगले होते.

सिकलसेलच्या रुग्णांचा उल्लेख स्वतंत्रपणे करणे आम्हांस आवश्यक वाटते. सातपुड्यातील भिल्ल, पावरा आदी आदिवासी समाजांत हा आजार मोठ्या प्रमाणावर आहे. शरीरातील पाणी कमी झाले की या रुग्णांच्या तांबड्या पेशी कोयत्याच्या आकारात वाकतात आणि असह्य वेदनांचा झटका येतो. त्यांना मॅनिटॉल वा फॉस्फेट देणे अयोग्यच. पेगही दाखल करून, आवश्यक तर सलाइन लावून द्यावे. सिकलसेलचे कार्ड असल्यास ते पहिल्याच भेटीत दाखवावे.

तौलनिक विचार करता आमचा कौल पेगच्या बाजूने आहे. चव सहन न होणाऱ्या, निरोगी मूत्रपिंडाच्या तरुण रुग्णास पिकोसल्फेट देण्यास आमची हरकत नाही. २०१० नंतर परदेशांत सल्फेट क्षारांची कमी प्रमाणातील द्रावणे आणि २०२० मध्ये गोळ्यांच्या रूपातील तयारीही मान्य झाली. परंतु चोवीस मोठ्या गोळ्या व सोबत भरपूर पाणी हे आमच्या वृद्ध रुग्णांना पेगहून सोपे जाईल असे आम्हांस वाटत नाही.

औषध कोणते, याहून कधी

गेल्या काही वर्षांतील सर्वांत महत्त्वाची शिकवण औषधाच्या नावाविषयी नाही, वेळेविषयी आहे. सगळे द्रावण आदल्या संध्याकाळी पिऊन टाकले, तर रात्रभरात लहान आतड्यातून पित्तमिश्रित चिकट द्रव खाली उतरतो व मोठ्या आतड्याच्या उजव्या भागावर लेप बसतो. उजव्या भागातील मोड पुष्कळदा चपटे, श्लेष्म्याने झाकलेले असतात. या भागातील कर्करोगात रक्त डोळ्यांना न दिसता आतल्या आत झिरपते आणि रुग्ण केवळ थकवा व रक्तक्षय घेऊन येतो. म्हणून अर्धे द्रावण आदल्या संध्याकाळी व अर्धे तपासणीच्या सकाळी, हा विभागलेला डोस आज जगभर मान्य आहे. सकाळचा भाग तपासणीच्या चार ते सहा तास आधी सुरू करून किमान दोन तास आधी संपवायचा. अकरा वाजता तपासणी असेल तर सहाला आरंभ आणि आठच्या सुमारास शेवटचा पेला.

कागदावर हे सोपे आहे. आता धडगावच्या डोंगरातून शहादा, दोंडाईचा मार्गे धुळ्यास निघालेल्या रुग्णाचा, किंवा रावेर-यावलकडून पहाटेची एस.टी. धरणाऱ्या आजीबाईंचा विचार करावा. सकाळी सहाला औषध प्यायचे आणि सातला बसमध्ये बसायचे हे अशक्य आहे. अशा वेळी रुग्ण काय करतो? तो सकाळचा अर्धा भाग मुकाट्याने ओतून देतो आणि विचारल्यावर ‘सगळे प्यालो’ असे सांगतो. त्याला दोष देता येत नाही. बसमध्ये फजिती होण्यापेक्षा डॉक्टरांशी खोटे बोलणे केव्हाही परवडते. यास्तव दूरच्या रुग्णाने आदल्या दिवशी दुपारीच येऊन दाखल व्हावे, अथवा पहिल्या गाडीने येऊन संपूर्ण द्रावण रुग्णालयातच घ्यावे आणि तपासणी दुपारी करावी, हे दोनच मार्ग योग्य होत. दुपारच्या तपासणीसाठी त्याच दिवशी सकाळी घेतलेले औषध तितकेच गुणकारी ठरते. या दोन्ही मार्गांना लागतात ती स्वच्छ, पुरेशी, पाण्याची सोय असलेली शौचालये आणि सोबतच्या नातेवाइकास पाठ टेकण्यापुरती जागा. विश्वस्तांसमोर खर्चाचा प्रश्न येतो तेव्हा या गोष्टी दुर्बिणीइतक्याच निकडीच्या मानाव्यात, अशी आमची विनंती आहे. पेगच्या पुडीला काही शे रुपये पडतात, मॅनिटॉल त्याहून स्वस्त. परंतु तपासणी अपुरी राहून पुन्हा करावी लागली तर दोन माणसांची दोन दिवसांची मजुरी, बसभाडे व दुसऱ्यांदा जुलाब हा हिशेब कोणाच्याच ताळेबंदात दिसत नाही. धर्मादाय रुग्णालयांसाठी २००६ पासून लागू असलेल्या योजनेनुसार निर्धन रुग्णांकरिता दहा टक्के खाटा मोफत आणि दुर्बल घटकांकरिता आणखी दहा टक्के सवलतीच्या दरात राखीव असतात. पात्र रुग्णांनी शिधापत्रिका व उत्पन्नाचा दाखला सोबत आणावा.

आहाराबाबत पाश्चात्त्य तत्त्वे आता आदल्या एका दिवसाचे पथ्य पुरेसे मानतात. आम्ही तीन दिवसांचे सांगतो, आणि त्याचे कारण खानदेशच्या ताटात आहे. कळण्याची भाकरी, मिरचीचा ठेचा, शेंगदाण्याची चटणी, मेथी आणि हिवाळ्यात वांग्याचे भरीत! वांग्याच्या, मिरचीच्या, टोमॅटोच्या व पेरूच्या बिया पचत नाहीत. त्या दुर्बिणीच्या शोषण-नळीत अडकतात आणि डॉक्टरांना हात चोळीत बसावे लागते. भरिताच्या पार्ट्यांच्या हंगामात तपासणी ठरल्यास तेवढी एक पार्टी सोडावी. मऊ भात, मुगाचे पातळ वरण, साल काढलेला बटाटा, रव्याचे पदार्थ, ताक, अंडी हे चालते. जळगावकरांना दिलासा द्यायचा तर पिकलेले केळेही आदल्या दिवसाच्या दुपारपर्यंत चालते. काही जण ‘उपवासच करून येतो’ म्हणतात. पण आपल्या उपवासात भगर आणि शेंगदाण्याचे कूट असते, तेव्हा तो उपवास येथे उपयोगाचा नाही. आदल्या संध्याकाळपासून फक्त आरपार दिसणारे पातळ पदार्थ घ्यावेत : गाळलेले लिंबू सरबत, बिनदुधाचा चहा, डाळीचे गाळलेले पाणी, शहाळे. मूत्रपिंडाच्या रुग्णांनी शहाळे टाळावे, कारण त्यात पोटॅशियम भरपूर असते. लाल रंगाची सरबते कोणीच घेऊ नयेत, ती आत रक्तासारखी दिसतात.

द्रावण उकळून गार केलेल्या पाण्यात करून माठाजवळ किंवा फ्रीजमध्ये ठेवावे. दर दहा-पंधरा मिनिटांनी एक पेला, असे आठ पेल्यांत दोन लिटर संपतात. लिंबाचे चार थेंब चालतील, साखर मात्र घालू नये. मळमळ झाली तर अर्धा तास थांबून पुन्हा हळूहळू सुरू करावे. सतत उलट्या, पोट ताठ होणे किंवा वारा न सरणे ही लक्षणे दिसली तर औषध बंद करून तत्काळ कळवावे; आतड्यास अडथळा असताना हे औषध देता येत नाही. मधुमेहाच्या गोळ्या व इन्सुलिन यांचे प्रमाण त्या दिवशी बदलावे लागते, आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या स्वतःच्या मनाने कधीही थांबवू नयेत.

तयारी पुरी झाली हे कसे ओळखावे? शेवटचे शौच लघवीसारखे पिवळसर, पारदर्शक असावे, भांड्याचा तळ दिसावा. रंग चहासारखा तपकिरी असेल किंवा कण तरंगत असतील, तर तयारी अपुरी आहे. हे तपासणीच्या टेबलावर चढण्याआधी परिचारिकेस सांगावे. डॉक्टर आतड्याच्या तीन भागांना प्रत्येकी शून्य ते तीन असे गुण देतात. बोस्टनमध्ये तयार झालेली ही गुणपद्धती २००९ साली प्रसिद्ध झाली. प्रत्येक भागास निदान दोन गुण मिळाले तरच तपासणी विश्वासार्ह धरावी. अहवालात हे गुण लिहिलेले आहेत की नाही, हे नातेवाइकांनी अवश्य पाहावे व नसल्यास विचारावे. गुण कमी पडले तर रुग्णास घरी न धाडता ठेवून घेऊन, आणखी द्रावण देऊन दुसऱ्या दिवशी सकाळी तपासणी पूर्ण करणे श्रेयस्कर.

सूचनापत्रक मराठीत छापलेले असते, परंतु अहिराणी, लेवा गणबोली, पावरी वा भिली बोलणाऱ्या घरांत ते वाचून समजेलच असे नाही. म्हणून औषध देताना घरातील जी व्यक्ती प्रत्यक्ष द्रावण कालवणार आहे, बहुधा सून किंवा मुलगी, तिलाच समोर बसवून, तिच्या बोलीत सांगावे आणि तिच्याकडून एकदा उलट वदवून घ्यावे. या कामास दहा मिनिटे लागतात.